काचेवरचं कुंकू

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. पण लगेच केस सारखे करून, हसरे चेहरे करून माझ्यासमोर उभे राहू नका. मी लग्नातला कॅमेरा नाही. वाढदिवसाचा नाही. नवरा-नवरी, केक, डोंगर, समुद्र यातलं काहीसुद्धा मी जन्मात पाहिलेलं नाही. मी पाहिला तो पत्रा. मोटारगाडीच्या दाराच्या आतला पत्रा. एकामागून एक, एकसारखा, वर्षानुवर्षं.

सध्या मी जळगावच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या मागच्या भंगाराच्या खोलीत पडलेलो आहे. एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला ग्रीसचे रिकामे डबे. मला बोलायची सवय नाही. पण काम काढून घेतल्यावर माणूस काय, यंत्र काय, बोलायला लागतं. गोड बोलेन अशी आशा मात्र ठेवू नका.

माझा जन्म परदेशातला. कुठल्या देशातला ते खोक्यावर छापलेलं होतं, पण ते खोकं पहिल्याच दिवशी कुणीतरी घरी धान्य ठेवायला नेलं. त्यामुळे माझं गाव कुठलं म्हणाल तर जळगावच. मी आलो तो उन्हाळा होता, आणि इथला उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगणार? छपराचा पत्रा वरून तापायचा, प्रेसचा पत्रा खालून तापायचा, आणि मधे माणसं शर्ट काढून पिळायची. माझ्यासाठी मात्र काचेचा बंद कप्पा बनवला आणि त्यात यंत्राने थंड हवा सोडली. गरम झालं की मी बिघडतो म्हणे.

पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर चुडामण नाना होते. कारखान्यातले सगळ्यात जुने कामगार, साक्रीकडचे. त्यांनी कप्प्यावर हात ठेवून पाहिला आणि ओरडले, "माणसंले उकडाले सोडं आन येले गार हवा! पुढला जलमले मी बी कॅमेराच व्हसू रे भो!"

सगळे हसले. तेव्हा हसायचे.

माझं काम सोपं होतं. प्रेसमध्ये एक पोलादी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. डायमध्ये सपाट पत्रा दाबला की त्याला दाराचा आकार येतो. तो पत्रा पट्ट्यावरून सरकत माझ्याखाली येऊन थांबायचा. माझ्याभोवती पांढऱ्या दिव्याचं कडं होतं. मी फोटो घ्यायचो आणि मला शिकवलेलं होतं त्याच्याशी ताडून पाहायचो. चांगला असला तर हिरवा दिवा, पत्रा पुढे पॅकिंगला. तडा, पोचा, सुरकुती, भोक चुकलेलं असं काही असलं तर लाल दिवा. मग बाजूचा लोखंडी हात त्या पत्र्याला ढकलून लाल पेटीत टाकायचा. बस. शाळेत तुमचे गुरुजी करतात तेच, फक्त मी कुणाचा मुलगा आहे ते विचारत नव्हतो.

पण मित्रांनो, मी शहाणा जन्मलो नव्हतो. मला शिकवावं लागलं, आणि शिकवलं ते दोघांनी.

एक होती दिपमाला. माहेर पारोळ्याचं, सासर जळगावचं. मी येण्याआधी पत्रे तीच तपासायची. सुती हातमोजा घालून पत्र्यावरून तळहात फिरवायची आणि डोळ्यांना न दिसणारा पोचा हाताने सांगायची.

दुसरा संघपाल. संघपाल तायडे. भुसावळजवळच्या दीपनगरचा. त्याचे वडील तिथल्या वीजकेंद्रात राख उचलायच्या कंत्राटी कामावर लागले आणि म्हातारे होईपर्यंत कंत्राटीच राहिले. त्यामुळे त्या घरात 'कायम' या शब्दाला फार वजन होतं. संघपाल आयटीआय करून इथे लागला, तोही कंत्राटीच. मला चालवायचं काम त्याला दिलं. दिपमाला पत्रा हातात घेऊन म्हणायची, "हा वाईट. इथं बघ, बिजागरीच्या भोकाजवळ." संघपाल तो माझ्याखाली ठेवून, ती जागा पडद्यावर दाखवून मला सांगायचा, हा वाईट. चांगलेही दाखवायचा. पूर्ण पावसाळाभर त्यांनी मला पत्रे दाखवले.

सुरुवातीला मी मूर्खपणा फार केला. तेलाचा ओघळ दिसला की तडा म्हणायचो. छपराच्या फटीतून ऊन आलं की तडा म्हणायचो. नाना प्रेसवरून हाळी द्यायचे, "येले ते तेलबी तडाच दिखस!" संघपाल चिडायचा नाही. पुन्हा दाखवायचा. रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी तो मऊ कापडाने माझ्यासमोरची काच पुसायचा, कारण प्रेसखाना म्हणजे तेलाची वाफ, आणि ती काचेवर बसतेच. मला लागायचं ते एवढंच.

मी शिकलो. चांगलाच शिकलो. मग दिपमालाला पॅकिंगवर बसवलं.

"माझ्या हाताची अक्कल याच्या डोळ्यात भरली," ती एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि मला दिली चिकटपट्टी."

"ताई, माझ्यावर राग आहे का?" संघपालने विचारलं.

"तुझ्यावर कशाला? तू पण तिथंच उभा आहे, जिथं मी होते. बघ म्हणजे झालं."

माझं कौतुक फार झालं. नाशिकच्या ज्या कारखान्याला आमचे पत्रे जायचे, तिथले साहेब मला बघायला आले. आमच्या मालकांनी, शेठनी, माझ्याकडे बोट करून सांगितलं, "हा डोळा थकत नाही, जेवत नाही, सुट्टी मागत नाही." टाळ्या वाजल्या. दिपमालानेही वाजवल्या. तिला जेवावं लागतं, म्हणून वाजवल्या.

त्याच कार्यक्रमात प्रेमराज साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, संघपालच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "याला शिकवला तो आमच्या संघपालनी. दिवाळीला संघपाल कायम. माझा शब्द."

प्रेमराज साहेब चाळीसगावचे. इंजिनिअर. बोलायला मऊ. शब्द द्यायला तर फारच मऊ.

संघपाल त्या दिवशी काच पुसताना गुणगुणत होता. एका कायम नोकरीवर किती गोष्टी टांगलेल्या असतात, ते मी त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. बहिणीचं नर्सिंग. घरावरचा स्लॅब. कॅमेऱ्याला कान कुठले, असं विचाराल. ज्याच्यासमोर माणसं काहीही बोलतात त्याला कान फुटतातच.

आता खरी गोष्ट सांगतो. इथपर्यंतची तर कुठल्याही यंत्राची असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा असते. सगळी यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून. ताट नानांच्या हातात. हे दर वर्षीचं, असं मी ऐकलं. संघपाल बौद्ध. तो त्या वेळी बाजूला भिंतीशी उभा राहायचा. कुणाला अडवायचा नाही, स्वतः हात जोडायचा नाही.

"तुम्हनामा नही ना रे हाई?" नाना दर वर्षी विचारायचे.

"नाही नाना. आमच्यात फक्त पेढा असतो," तो म्हणायचा आणि ताटातला पेढा उचलायचा.

हशा. तुमच्यात, आमच्यात. तोवर हे सगळं हसण्यावारी होतं. हसण्यावारी गेलेली गोष्ट कुठेही जात नाही मित्रांनो, ती कोपऱ्यात बसून राहते.

माझी ती पहिलीच खंडेनवमी. नाना ताट घेऊन माझ्यासमोर आले आणि थबकले. प्रेसला कुंकू लावायची जागा असते. मोटारीला असते. माझा बंद कप्पा, त्यातून डोकावणारी गोल काच. नाना चहूकडून माझं कपाळ शोधत म्हणाले, "कपाय कोठे शे रे येनं?"

"नाना, वर डब्यावर लावा. काचेला नको," दिपमाला म्हणाली.

"डब्बाले काय लावानं? देवले बी कपायलेच लावतस."

आणि त्यांनी ओल्या कुंकवाचा अंगठा माझ्या काचेच्या बरोबर मध्यावर टेकवून वर ओढला. जगाच्या मधोमध एक लाल उभी रेघ. बाजूला अक्षता चिकटल्या. नारळ फुटला. शेठनी हात जोडले, प्रेमराज साहेबांनी हात जोडले, फोटो निघाले. संघपाल तेव्हा तिथे नव्हता. त्याने रजा घेतली होती. दसऱ्याला तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. रजेवर सही प्रेमराज साहेबांचीच होती.

दसऱ्याला कारखाना बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू झाली. कुंकू वाळून घट्ट झालेलं. पहिला पत्रा माझ्याखाली आला आणि मला त्याच्यावर उभी रेघ दिसली. लाल दिवा. दुसऱ्यावर तीच रेघ. लाल. तिसरा लाल. लोखंडी हात ढकलून ढकलून दमला, पेटी भरून पत्रे जमिनीवर पडायला लागले. आणि दारात नाशिकला जायची गाडी माल भरायला उभी.

प्रेमराज साहेब धावत आले. वाकून काचेकडे बघितलं. कारण समोर होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"पुसा रे ते," साहेब म्हणाले.

कुणीच हललं नाही.

"नाना, तुम्ही लावलं ना? पुसा."

नाना दोन पावलं मागे झाले. "मी नही पुसनार साहेब. कुकू शे ते. आपुन लावानं काम करं, पुसानं काम नही करतस."

"दिपमालाताई, तुम्ही या जरा."

"मी?" तिने पदर सावरला. "साहेब, सवाष्ण बाईला कुंकू पुसायला सांगू राहिले? तेही शेठच्या यंत्राचं? उद्या काही झालं तर माझ्याच नावानं बोंब."

आता तुम्ही म्हणाल, साहेब शिकलेले, इंजिनिअर, त्यांनी पुसलं असेल. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हे खरं आहे. काचेपर्यंत आणला, हेही खरं आहे. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे. घरी बायकोचे दिवस भरत आले होते, ते आठवलं असेल. त्यांनी रुमालाने स्वतःचं कपाळ पुसलं आणि रुमाल खिशात घातला. ज्या कारखान्यात एका कंत्राटी पोराचं नशीब शाईच्या एका फटकाऱ्याने पुसता येतं, तिथे चिमूटभर कुंकू पुसायला एकाचा हात होईना!

साहेबांनी पुण्याला फोन लावला. मला बसवून गेलेला तंत्रज्ञ तिकडे होता. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"काच साफ करा," तो म्हणाला.

"ते सोडून सांगा."

"ते सोडून? म्हणजे?"

"मधला तेवढा भाग बघू नको, असं याला सांगता येतं का?"

"येतं, पण साहेब..."

"पण नको. कसं ते सांगा."

त्याने सांगितलं. साहेबांनी पडद्यावर, कुंकवाची रेघ झाकेल असा, एक काळा चौकोन काढला. या चौकोनात काहीही असो, तू बघायचं नाहीस, असा त्याचा अर्थ. मी यंत्र आहे. मला सांगितलं ते मी केलं. पुढचा पत्रा आला. हिरवा. पुढचा हिरवा. हिरवा, हिरवा, हिरवा. नाना म्हणाले, "दखा, देव पावना!" पॅकिंगवर दिपमालाने हुश्श केलं. साहेबांनी चहा मागवला.

त्या काळ्या चौकोनाखाली काय होतं, ते ऐका. बिजागरीचं भोक होतं. गाडीचं पूर्ण दार ज्याच्यावर लटकतं ती जागा. आणि प्रेसमधली डाय नेमकी त्याच दिवशी तिथे पत्र्याला ताणत होती. भोकाच्या काठाला केसासारखा तडा जात होता. पत्रे हिरव्या दिव्याखालून खोक्यात गेले, खोकी गाडीत गेली, गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघपाल आला. डोळे जागरणाने लाल, नागपूरच्या गाडीत उभ्याने प्रवास केलेला. नेहमीसारखं कापड घेऊन माझ्यासमोर आला आणि थांबला.

"अरे, हे काय?"

"थांब रे, पुसू नको," दिपमाला पॅकिंगवरून म्हणाली. "कुणाला तरी विचार आधी."

"कोणाला विचारू ताई? काचेवर डाग आहे. पुसू राहिलो."

"डाग नाही ते. कुंकू आहे."

"काचेवर असलं की डागच."

आणि त्याने पुसलं. कापडावर काच पुसायच्या औषधाचे थेंब टाकून, गोल गोल, रोज पुसायचा तसं. प्रेसचा खडखडाट चालू होता, तरी त्या क्षणी सगळे बघत होते हे मला काचेतून स्वच्छ दिसलं. तीन दिवसांनी सगळं स्वच्छ दिसलं. मग त्याने पडद्यावरचा काळा चौकोन पाहिला, काही न समजून मान हलवली आणि तो काढून टाकला.

पहिला पत्रा आला. लाल.

दुसरा. लाल. तिसरा. लाल.

संघपालने पत्रा उचलला, भोकाच्या काठाला नख लावलं आणि लाइन बंद करायचं बटण दाबलं. तसाच पत्रा घेऊन तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. केबिन काचेची, माझ्या समोरच. दार उघडंच राहिलं होतं.

"साहेब, डाय फुटत आहे. बिजागरीला तडा आहे. कालचा माल कुठंय?"

"गेला."

"परत बोलवा. फोन करा नाशिकला. चौकोन काढून ठेवला होता कोणीतरी, तो भाग हा बघतच नव्हता."

"हळू बोल."

"हळू काय बोलू साहेब? दार निखळेल कोणाच्या तरी गाडीचं."

साहेब उठून बाहेर आले. तोवर सगळे जमले होते. त्यांनी माझ्या काचेकडे बघितलं. कुंकू नव्हतं. मग लाल दिव्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगतो. सुटका आली.

"तू पुसलंस?"

"हो."

"काल दिवसभर सगळं हिरवं होतं. आज तू हात लावला आणि लाल झालं. कॅमेरा हलवला असशील. सेटिंग बिघडवलं तू, तायडे."

मित्रांनो, काल जो संघपाल होता तो आज तायडे झाला. त्या क्षणानंतर त्या कारखान्यात त्याला नाव उरलं नाही. फक्त आडनाव उरलं.

त्याने पत्रा पुढे केला, तडा दाखवला. डोळ्यांना दिसत होता, नखाला लागत होता. पण लोकांनी तडा बघितलाच नाही. त्यांनी हिशोब मांडला: कुंकू होतं तोवर हिरवं, पुसलं तसं लाल. याच्यापुढे तडा काय टिकणार! जेवणाच्या सुट्टीत मी ऐकलं, "त्यांच्यातले आहेत ते. त्यांना कुंकवाचं काय?" दुसरा म्हणाला, "मुद्दाम पुसलं असेल." जे कालपर्यंत त्याच्या डब्यातली बोंबलाची चटणी मागून खायचे, तेच हे.

नाशिकला फोन गेला नाही. फोन तिकडून आला, काही दिवसांनी. माल परत आला, पण सगळा नाही. काही पत्र्यांची तोवर दारं होऊन गेली होती. नाशिकचे साहेब आले, आवाज चढले, आणि शेठ स्वतः माझ्यासमोर येऊन उभे राहिले. लाइन बंद करून सगळ्यांना बोलावलं.

शेठनी विचारलं, "काय झालं? खरं सांगा."

प्रेमराज साहेब मऊ आवाजात म्हणाले, "शेठ, तायडे रजेवरून आला आणि न विचारता कॅमेऱ्याला हात लावला. तेव्हापासून गोंधळ."

"माल त्याच्या आदल्या दिवशी गेला साहेब," संघपाल म्हणाला. "मी नागपूरला होतो. तुम्हीच सही केली."

"नाना, तुम्ही सांगा," शेठ म्हणाले.

चुडामण नाना पुढे आले. टोपी काढली. "शेठ, मी खोटं बोलस नही. यानी कुकू पुसं. आन मंग लाल व्हवाले लागनं. बठ्ठासनी दखं."

सगळ्यांनी पाहिलं होतं, हे खरंच. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं खोटं होतं.

"नाना, चौकोन कोणी काढला तेही सांगा," संघपाल म्हणाला.

"माले कॉम्प्युटरमधलं काय समजस भो?" नाना जमिनीकडे बघत म्हणाले.

मग संघपाल दिपमालाकडे वळला. "ताई, तुम्ही होत्या ना इथं? फोन तुम्ही ऐकला ना?"

दिपमालाच्या हातात चिकटपट्टी होती. ती तिचं टोक शोधत राहिली. नखाने, हळूहळू, फार वेळ. "मी पॅकिंगला असते, भाऊ," ती म्हणाली.

शेठ वाईट माणूस नव्हते, असं सगळे म्हणतात. मी काय म्हणतो ते सोडा. ते संघपालच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला कुणाच्या जातीधर्मात पडायचं नाही." असं म्हणणारा माणूस केव्हाच पडलेला असतो, पण असू दे. "लोकांच्या मनात बसलंय. मंगळवारी सगळ्यांसमोर यंत्राला नारळ फोड, स्वतःच्या हातानं कुंकू लाव. विषय संपला. दिवाळीचं तुझं मी बघतो."

सगळा कारखाना त्याच्याकडे बघत होता. एक नारळ. बदल्यात आईचा गुडघा, बहिणीचं कॉलेज, घराचा स्लॅब. प्रेमराज साहेब हळूच म्हणाले, "फोड ना यार. तुझं काय जातं?"

संघपालने त्यांच्याकडे पाहिलं. "शेठ," तो म्हणाला, "याला बघायला मी शिकवलं. बघू नको असं ज्यांनी शिकवलं, त्यांना नारळ फोडायला सांगा."

शेठनी खांद्यावरचा हात काढून घेतला. संघपालने हातमोजे काढले, पट्ट्यावर ठेवले आणि दाराकडे चालायला लागला. कुणीतरी घाईने लाइन चालू केली. अशा वेळी माणसांना काहीतरी चालू करावंसं वाटतं. पट्टा सरकला आणि त्याचे हातमोजे माझ्याखाली येऊन थांबले. मी फोटो घेतला. पत्रा नव्हता. लाल दिवा लागला, लोखंडी हाताने हातमोजे ढकलले आणि लाल पेटीत टाकले. नाना हसायला गेले, पण त्यांना हसू आलं नाही.

दिवाळीला कायम झाला तो साहेबांचा भाचा. त्याला मी कळत नव्हतो, पण नारळ उत्तम फोडायचा.

त्यानंतर दर खंडेनवमीला माझ्या काचेला कुंकू लागलं. पुसायची कुणाची छाती होती? एकाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. रेघेवर रेघ, थरावर थर. आणि दर वेळी साहेब काळा चौकोन थोडा मोठा करायचे. शेवटी शेवटी मला पत्र्याच्या फक्त कडा दिसत होत्या. कडा चांगल्या असायच्या. हिरवा, हिरवा, हिरवा. लाल पेटी रिकामी. त्याबद्दल कारखान्याला शाबासकी मिळाली, फ्रेम करून भिंतीवर लागली. मी पूर्ण डोळस होतो तेव्हा मला एवढा मान मिळाला नव्हता.

मग नवा कॅमेरा आला आणि मला काढलं. ज्या दिवशी मला इथे आणून टाकलं, त्या दिवशी दिपमाला रिकामी खोकी घ्यायला या खोलीत आली होती. मला पाहून थांबली. जवळ आली. तिच्या खांद्यावर ओला पंचा होता, हात माझ्या काचेपर्यंत आला. मला वाटलं, आता पुसते. आता कुणी बघत नाही, आता काय भीती? तिने मला हात जोडले, नमस्कार केला आणि खोकी घेऊन निघून गेली.

संघपाल कुठे आहे ते मला माहीत नाही. कॅमेऱ्याला गेटाबाहेरचं दिसत नाही. त्याच्या आईचा गुडघा कसा आहे, बहिणीचं पुढे काय झालं, ते कुणी माझ्यासमोर बोलत नाही. त्याचं नाव घ्यायला लोक घाबरतात, आणि अपराधी माणूस जितका घाबरत नाही तितके हे घाबरतात. त्याच्या वाट्याचं जे त्या कारखान्याने खाल्लं, ते पचलेलं दिसतंय. भिंती चकचकीत आहेत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्र म्हणतं की आमची काळजी घ्या, आम्हाला गंजू देऊ नका. मी म्हणणार नाही. माझी काळजी कमी घेतली नाही कुणी. यंत्रांना हार घाला, कुंकू लावा, तुमचा तो आनंद आहे, मी कोण नको म्हणणारा? फक्त काच सोडून लावा. आणि चुकून काचेला लागलंच, आणि एखादा मुलगा कापड घेऊन पुढे आला, तर त्याचं आडनाव आठवून मग ठरवू नका की हे काम आहे की पाप. तुम्ही तिथे उभे असाल. तुम्ही बघितलेलं असेल. कुणी विचारलं तर 'मी पॅकिंगला असतो' म्हणू नका.